लग्नाचे फोटो : कोणाचे आणि कुठवर टिकणारे

मे महिन्याच्या मध्यावर लातूर आणि नांदेडला शून्य सावलीचा दिवस येतो. दुपारी सव्वाबाराच्या सुमारास सूर्य थेट डोक्यावर असतो आणि उभ्या माणसाची सावली त्याच्याच पायाखाली जाते. मराठवाड्यातल्या लग्नतिथी याच दिवसांत दाट असतात आणि कित्येक पत्रिकांवर मुहूर्तही बारा ते एकच्या दरम्यानचा असतो. फोटो काढणाऱ्यासाठी दिवसातला सर्वांत अवघड प्रकाश हाच. डोळ्यांच्या खोबणीत आणि नाकाखाली काळ्या सावल्या पडतात, मुंडावळ्यांच्या रेघा गालांवर उमटतात. मांडवाचे कापड लाल किंवा पिवळे असेल, तर त्यातून गाळून आलेला उजेड नवरा-नवरीच्या चेहऱ्यावर त्याच रंगाची झाक आणतो.

अशा प्रकाशात अंतरपाट दूर होतो. ज्वारीच्या अक्षता उडतात, वाजंत्री एकदम जोर धरते, करवल्या पुढे झुकतात आणि दोन-तीन सेकंदांत सगळे संपते. तो क्षण परत मागता येत नाही. म्हणून लग्नाचा फोटोग्राफर निवडताना त्याच्याकडचा कॅमेरा कोणत्या कंपनीचा, हा प्रश्न बराच मागे ठेवावा. भर दुपारच्या मांडवात, गर्दीत, ठरलेल्या क्षणी योग्य जागी उभा राहून त्याने याआधी काय टिपले आहे, हे आधी पाहावे.

आणि तेवढ्यावर थांबू नये. लग्न एक-दोन दिवसांत उरकते, फोटो मात्र पुढची पन्नास-साठ वर्षे सांभाळायचे असतात. बैठकीत बोलणी होतात ती शूटिंगची : किती कॅमेरे, किती दिवस, ड्रोन आहे की नाही. फोटो कोणाच्या मालकीचे, मूळ फाइली कधी आणि कशा मिळणार, त्या किती दिवस जपल्या जाणार, हे बहुतेक वेळा कोणी विचारत नाही. पुढे घरात खंत राहते ती याच न विचारलेल्या गोष्टींची.

निजामाच्या राज्यातला कॅमेरा

छायाचित्रणाची कला १८३९ मध्ये पॅरिसमध्ये जाहीर झाली आणि १८५४ मध्ये मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी स्थापन झाली. नांदेड आणि लातूर तेव्हा मुंबई इलाख्यात नव्हते. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानातले सर्वांत मोठे नाव होते राजा दीनदयाळ यांचे. सहावे निजाम मीर महबूब अली खान यांचे ते दरबारी छायाचित्रकार. सिकंदराबादेत त्यांचा स्टुडिओ होता. १८९२ मध्ये त्यांनी हैदराबादेत खास स्त्रियांसाठी एक झनाना स्टुडिओ काढला. पडद्यात राहणाऱ्या स्त्रियांना तिथे निर्धास्तपणे फोटो काढून घेता यावा म्हणून सगळी व्यवस्था स्त्रियांच्याच हाती होती आणि स्टुडिओची प्रमुख होती केनी-लेविक नावाची इंग्रज बाई.

ही गरज आजही आहे. नांदेडच्या किंवा उदगीरच्या मुस्लिम घरांतल्या शादीत बायकांचा मंडप वेगळा असतो आणि तिथे बाई फोटोग्राफरच लागते. नवरीला हळद लागताना, न्हाऊ घालताना, साडी नेसवताना परका पुरुष समोर नको, असे हिंदू घरांतल्या मुलींनाही वाटते. अशा वेळी टीममध्ये एखादी मुलगी आहे का, हे बुकिंगच्या आधीच विचारावे. ऐनवेळी सांगितले तर व्यवस्था होत नाही.

रोलच्या काळात हिशेब साधा होता. एकशेवीस नंबरच्या रोलवर चौकोनी बारा फोटो निघायचे, पस्तीस मिलिमीटरच्या रोलवर छत्तीस. गावाकडच्या लग्नाला दोन-तीन रोल म्हणजे चैन. प्रत्येक बटन मोजून दाबले जाई आणि निगेटिव्ह स्टुडिओतच राही. मामाला एक कॉपी हवी असली की पुन्हा स्टुडिओची पायरी चढायची. फोटो स्टुडिओचे असतात आणि आपण फक्त प्रती विकत घेतो, ही समजूत त्या काळात पक्की झाली. रोल गेला, निगेटिव्ह गेल्या, समजूत मात्र तशीच राहिली.

कायद्यात मालक कोण

भारताचा कॉपीराइट कायदा १९५७ चा. त्याचे कलम १७ सांगते की, एखाद्याने पैसे देऊन आपल्यासाठी फोटो काढून घेतला असेल आणि दोघांत वेगळा करार झालेला नसेल, तर त्या फोटोच्या हक्काचा पहिला मालक काढून घेणारा असतो. म्हणजे ऑर्डर देणारे कुटुंब. फोटो काढणारा हा कायद्याच्या भाषेत त्या छायाचित्राचा कर्ता असतो. श्रेय मिळण्याचा आणि नाव खराब होईल अशी आपल्या कामाची मोडतोड झाल्यास हरकत घेण्याचा अधिकार कलम ५७ प्रमाणे त्याच्याकडे राहतो. मालकी मात्र गिऱ्हाइकाची.

यातले ‘वेगळा करार झालेला नसेल तर’ हे शब्द महत्त्वाचे. स्टुडिओच्या पावतीमागे किंवा मोबाइलवर आलेल्या कोटेशनच्या तळाशी बारीक अक्षरात सर्व हक्क स्टुडिओकडे राहतील, अशी ओळ असू शकते. त्यावर सही झाली की गणित उलटते. सही करण्याआधी ती ओळ वाचावी आणि नको असेल तर खोडायला सांगावी.

व्यवहारात हा प्रश्न येतो तो बहुधा जाहिरातीतून. लग्नानंतर महिनाभरात नवरीचा फोटो स्टुडिओच्या फलकावर किंवा इन्स्टाग्रामच्या रीलमध्ये झळकतो आणि घरच्यांना ते पाहुण्यांकडून कळते. काही घरांना याचा आनंद होतो, काहींना मनस्ताप. म्हणून ऑर्डरच्या कागदावर एक वाक्य लिहून घ्यावे : कुटुंबाची लेखी परवानगी घेतल्याशिवाय कोणताही फोटो किंवा व्हिडिओ प्रसिद्ध करायचा नाही. चांगले फोटोग्राफर याला हरकत घेत नाहीत. नमुन्यासाठी चार-दोन फोटो हवे असतील, तर ते कोणते हे दोघांनी बसून ठरवता येते.

ऑर्डर देताना

स्टुडिओत गेले की मोठ्या पडद्यावर दोन-तीन मिनिटांची हायलाइट दाखवतात. धुके, संथ चाल, मागे गाणे. त्यावरून फारसे काही कळत नाही, कारण कुठल्याही लग्नातून दहा-वीस चांगले फोटो निघतातच. पाहायला मागावे ते एकाच लग्नाचे पूर्ण काम : हळदीपासून पाठवणीपर्यंतचे सगळे फोटो, तेही दुपारच्या मुहूर्ताच्या लग्नाचे. परण्या मारुतीच्या पाराकडे निघाल्यावर उन्हात नवरदेवाचा चेहरा दिसतो का, मंगलाष्टकांच्या वेळी भटजींची पाठ मधे आली आहे का, स्टेजवर आहेराच्या वेळी ओळीने काढलेल्या फोटोंत सगळ्यांचे डोळे उघडे आहेत का, हे त्यातूनच कळते.

दुसरी गोष्ट माणसाची. दाट तिथीच्या दिवशी एकेका स्टुडिओकडे तीन-चार ऑर्डरी असतात आणि ज्याचे काम पाहून बुकिंग केले, तो स्वतः येतोच असे नाही. कोण येणार, त्याचे नाव कागदावर हवे. तो आजारी पडला तर कोण, हेही.

तिसरी गोष्ट विधींची. नांदेड-लातूरच्या भागात एकाच गावात चार तऱ्हांची लग्ने होतात. लिंगायत लग्नात जंगम स्वामींच्या हस्ते होणारे विधी वेगळे. बौद्ध लग्नात तथागत आणि बाबासाहेबांच्या प्रतिमेसमोर त्रिशरण-पंचशील होते आणि तो मुख्य क्षण शांत असतो. तिथे फ्लॅशचा मारा शोभत नाही. बंजारा तांड्यावरच्या लग्नातली गाणी आणि रडणे हाच मोठा भाग. नांदेडच्या शीख कुटुंबांत आनंद कारज गुरुद्वाऱ्यात होतो. कॅमेरा धरणाऱ्याचेही डोके झाकलेले लागते आणि गुरू ग्रंथ साहिबांकडे पाठ करून उभे राहता येत नाही. अशा ठिकाणी कोणत्या बाजूने, किती जवळून फोटो घ्यायचे, हे आधी ग्रंथींना विचारून ठेवावे. म्हणून घरातल्या एखाद्या जाणत्या बाईने विधींची यादी क्रमाने लिहून फोटोग्राफरच्या हाती द्यावी. यादीला जोडून दहा-बारा नावे द्यावीत : आजी, थोरले काका, लांबून आलेली आत्या, ज्यांचे फोटो चुकता कामा नयेत अशी माणसे. घरातला एखादा चुलतभाऊ त्या दिवशी फोटोग्राफरसोबत ठेवला, तर ही माणसे गर्दीतून शोधून समोर आणता येतात.

पैशांची बोलणी करताना पॅकेज या शब्दावर समाधान मानू नये. अल्बमची साइज, सहसा बारा बाय छत्तीस इंच, शीट किती, जादा शीटचा दर काय, व्हिडिओ किती तासांचा, गावाबाहेर जाण्या-येण्याचा खर्च कोणाकडे, हे सुटे सुटे लिहून घ्यावे. स्टुडिओची जीएसटी नोंदणी असेल, तर बिलावर १८ टक्के कर लागतो. तो दरात धरलेला आहे की वर येणार, हे विचारावे. पैसे टप्प्याटप्प्याने द्यावेत : थोडे बुकिंगला, थोडे लग्नाच्या दिवशी, थोडे मूळ फाइली हाती आल्यावर आणि शेवटचा हिस्सा अल्बम मिळाल्यावर. यात फोटोग्राफरवर अविश्वास नाही. त्यालाही ऑपरेटरची मजुरी त्याच दिवशी द्यावी लागते आणि लॅबचे पैसे आधी भरावे लागतात. म्हणून ठरलेला हप्ता ठरलेल्या दिवशी देणे हे कुटुंबाचेही काम.

ड्रोन सांगितला असेल तर एक चौकशी जास्त. ऑगस्ट २०२१ पासून लागू असलेल्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन व्यवसायासाठी उडवायचा, तर यंत्राची नोंदणी आणि उडवणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. विमानतळाभोवतीच्या क्षेत्रात उंचीवर बंधने आहेत आणि नांदेड व लातूर या दोन्ही शहरांना विमानतळ आहे. मंगल कार्यालयाची जागा कोणत्या क्षेत्रात येते, हे डिजिटल स्कायच्या सरकारी नकाशावर पाहता येते. प्री-वेडिंगसाठी कंधारचा किंवा उदगीरचा किल्ला मनात असेल, तर संरक्षित स्मारकात व्यावसायिक चित्रीकरणाला पुरातत्त्व खात्याची परवानगी लागते, हेही ध्यानात ठेवावे.

फोटोग्राफरनेही एक प्रश्न विचारायला हवा : मुलीचे आणि मुलाचे वय. मराठवाड्यात बालविवाहाचा प्रश्न अजून मोठा आहे. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यात असे लग्न लावणाऱ्याला आणि त्याला मदत करणाऱ्यालाही दोन वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड सांगितला आहे. मुलगी अठरा आणि मुलगा एकवीस वर्षांचा पूर्ण असल्याचा दाखला पाहूनच ऑर्डर घेणारा फोटोग्राफर स्वतःला वाचवतो आणि कधी कधी एखाद्या मुलीलाही.

लग्नानंतरचे काम

आता एका लग्नात तीन-चार हजार फोटो सहज निघतात. एकेक फाइल दहा एमबीची धरली, तरी चाळीस जीबी होतात. व्हिडिओ त्याहून कितीतरी जड. सेकंदाला शंभर मेगाबिट वेगाने टिपलेला फोर-के व्हिडिओ तासाला ४५ जीबी जागा घेतो. स्टुडिओकडे हंगामात अशा डझनावारी ऑर्डरी साचतात आणि नवा हंगाम आला की जुना डेटा पुसून जागा करावी लागते. म्हणून मूळ फाइली किती दिवसांत देणार आणि स्टुडिओ त्या किती महिने ठेवणार, हे दोन आकडे ऑर्डरच्या कागदावर हवेत.

लग्नाच्या दिवशीची काळजी फोटोग्राफरची. दोन मेमरी कार्डे एकाच वेळी भरणारा कॅमेरा, आणि दोन ठिकाणी कॉपी झाल्याशिवाय कार्ड फॉरमॅट न करण्याची शिस्त, एवढ्यावर बहुतेक अपघात टळतात. चुकून कार्ड पुसले गेले, तर त्यावर पुढे एकही फोटो काढू नये. जुन्या फाइलींच्या जागेवर नवे काही लिहिले जाईपर्यंत त्या सॉफ्टवेअरने परत मिळण्याची शक्यता असते.

कुटुंबाकडून होणारा उशीर सिलेक्शनचा. तीन हजारांतून दोनशे फोटो निवडायला दोन्ही घरे सहा-सहा महिने लावतात आणि मग अल्बम आला नाही म्हणून रुसतात. यावर उपाय असा की, निवड दोघा-तिघांनीच करावी, आठ-पंधरा दिवसांची मुदत घालून घ्यावी आणि नवरा-नवरीला शेवटचा शब्द द्यावा. छपाईला जाण्याआधी अल्बमचे डिझाइन मोबाइलवर नाही, मोठ्या पडद्यावर पाहावे. नावांचे शुद्धलेखन, तारीख, कोणाचा चेहरा शीटच्या घडीत गेला आहे का, कातडीचा रंग एडिटिंगमध्ये उगाच गोरा केला आहे का, हे तेव्हाच दिसते. सावळ्या मुलीला पांढरीफटक करून ठेवलेला अल्बम तिच्या मुलांना तिची ओळख चुकीची करून देतो. ‘रंग आहे तसा ठेवा’ हे आधीच सांगितलेले बरे.

पैसे देऊनही फोटो मिळाले नाहीत, तर मार्ग आहे. ही सेवेतली त्रुटी ठरते आणि ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे जिल्हा ग्राहक आयोगाकडे दाद मागता येते. तक्रार दोन वर्षांच्या आत करायची असते. तक्रारदार राहतो त्या जिल्ह्यातही ती करता येते. त्यामुळे फोटोग्राफर पुण्याचा असला तरी नांदेडकराला पुण्याला खेटे घालावे लागत नाहीत. सेवेसाठी दिलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही. त्याआधी १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर फोन करून पाहता येतो. पण आयोगापुढे लागतात पुरावे : पावती, ऑनलाइन पैसे दिल्याची नोंद, ठरलेल्या गोष्टींचा कागद, व्हॉट्सॲपवरचे संवाद. तोंडी बोलणी तिथे फार उपयोगी पडत नाहीत.

पाणी, ऊन आणि भूकंप

३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या परिसरात भूकंप झाला. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात जवळपास दहा हजार माणसे गेली. दगड-मातीच्या जाड भिंती आणि वरचे माळवद माणसांवर कोसळले. पेट्या, कपाटे आणि त्यांतले कागद-फोटोही त्याच ढिगाऱ्यात गेले. ५२ गावे नव्या जागी वसवावी लागली. अशा घरात लग्नाच्या अल्बमची एकच प्रत असेल, तर गेलेल्या माणसांचे चेहरेही हरवतात. ऑगस्ट २०२५ मध्ये मुखेड तालुक्यात हसनाळ, रावणगाव या गावांत रातोरात पाणी शिरले, तेव्हा संसार भिजून गेले. हा भाग दुष्काळाचा म्हणून ओळखला जातो, पण कागदाला आणि कपाटाला पुराचे भयही तेवढेच आहे.

म्हणून जगभर वापरला जाणारा एक साधा नियम घरोघर पाळण्यासारखा आहे : तीन प्रती, दोन वेगवेगळ्या प्रकारच्या साधनांवर, आणि त्यांतली एक घराबाहेर. एक हार्ड डिस्क नवऱ्याच्या घरी, दुसरी नवरीच्या माहेरी, तिसरी प्रत इंटरनेटवरच्या साठवणीत. लग्नाने दोन घरे जोडलेली असतातच, त्यामुळे घराबाहेरच्या प्रतीची सोय आपोआप होते. पेनड्राइव्ह हे फोटो नेण्या-आणण्याचे साधन आहे, कायम जपण्याचे नाही. वर्षानुवर्षे न वापरता पडून राहिला, तर त्यातला डेटा जाऊ शकतो. हार्ड डिस्कही पाच-सहा वर्षांनी बदलावी आणि मधून मधून लावून पाहावी. गुगल फोटोजवर अमर्याद मोफत साठवण १ जून २०२१ पासून बंद झाली आहे. आता मोफत जागा १५ जीबीच, आणि ती ईमेलसह. व्हॉट्सॲपवर फोटो म्हणून पाठवलेली फाइल आकसते, त्यामुळे तिथून उतरवलेल्या प्रतीला मूळ समजू नये. पाठवायचीच तर डॉक्युमेंट म्हणून पाठवावी.

छापील अल्बम पत्र्याखालच्या माळ्यावर ठेवू नये. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात तिथे रंग उडतात, गोंद सुटतो. कोरड्या कपाटात, जमिनीपासून वर, आडवा ठेवावा. चिकट पानांच्या जुन्या अल्बममधले फोटो शक्य असेल तर काढून आम्लरहित कागदाच्या पाकिटांत घालावेत. निघत नसतील तर ओढू नयेत, तसेच मोबाइलने किंवा स्कॅनरने टिपून घ्यावेत.

फोटो भिजलेच तर हाती वेळ थोडा असतो, साधारण दोन दिवस. एकमेकांना चिकटलेले फोटो कोरडे असताना ओढून सोडवू नयेत. लॅबमध्ये धुतलेले जुने फोटो स्वच्छ थंड पाण्यात ठेवले की सावकाश सुटतात. मग सावलीत, चेहऱ्याची बाजू वर ठेवून वाळवावेत. पृष्ठभाग पुसू नये, उन्हात ठेवू नये. लगेच जमणार नसेल तर प्लास्टिकच्या पिशवीत घालून फ्रीजरमध्ये ठेवले की बुरशी थांबते आणि काम नंतर करता येते. घरच्या शाईच्या प्रिंटरवर काढलेले फोटो मात्र पाण्यात घालू नयेत, शाई वाहून जाते. भिजलेली हार्ड डिस्क चालू करून पाहू नये. जपानमध्ये २०११ च्या त्सुनामीनंतर चिखलात सापडलेले फोटो फुजीफिल्म कंपनीच्या आणि स्वयंसेवकांच्या मदतीने धुऊन, वाळवून लोकांना परत देण्यात आले. फोटो मेलेला दिसला तरी बहुधा मेलेला नसतो, हे त्या कामाने दाखवून दिले.

नोंदणी आणि नावे

एक फोटो मात्र अल्बमची वाट न पाहता लगेच काढून ठेवावा. महाराष्ट्रात विवाहनोंदणीचा कायदा १९९८ चा आहे आणि लग्नानंतर ९० दिवसांत नोंदणी करायची असते. गावात ग्रामपंचायतीकडे, शहरात महापालिका किंवा नगरपालिकेकडे. वयाचे आणि पत्त्याचे दाखले, तीन साक्षीदार आणि दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो लागतात. त्यासोबत लग्नपत्रिका आणि प्रत्यक्ष विधीचा एखादा फोटोही बहुतेक कार्यालयांत मागतात. हार घालतानाचा किंवा सप्तपदीचा, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसणारा एक फोटो पहिल्याच आठवड्यात स्टुडिओकडून मागून घेतला, की अल्बम लांबला तरी नोंदणी अडत नाही.

जुन्या पिढीच्या लग्नांचेही काम बाकी आहे. १९९० च्या दशकात लातूर-नांदेडमध्ये व्हिडिओ शूटिंगची लाट आली आणि घरोघर व्हीएचएस कॅसेटी जमल्या. त्या चालवणारी यंत्रे आता बनत नाहीत. व्हीसीआर बनवणाऱ्या जपानच्या फुनाई कंपनीने २०१६ मध्ये उत्पादन थांबवले. चुंबकीय फीत दरवर्षी थोडी थोडी खराब होत असते. व्हीसीआर शाबूत असलेले स्टुडिओ शहरांत अजून सापडतात. कॅसेट डिजिटल करून घेताना फक्त संपादित व्हिडिओ घेऊ नये, पूर्ण फीत उतरवून घ्यावी. मिक्सिंगमध्ये आधीच गाणी आणि फुलांच्या चौकटी भरलेल्या असतात, आणखी काटछाट नको.

त्याच वेळी चेहऱ्यांना नावे लावून घ्यावीत. पंगतीत वाढणारा तरुण कोण, नवरदेवाच्या मागे छत्री धरून उभी असलेली मुलगी कोण, हे घरातल्या सत्तर-ऐंशी वर्षांच्या माणसांनाच ठाऊक असते. सुट्टीच्या दिवशी त्यांच्याजवळ बसून फोटोगणिक नावे, गाव आणि नाते लिहून घ्यावे. जुन्या जाड कागदाच्या फोटोमागे मऊ पेन्सिलीने कडेला, नव्या चकचकीत कागदाच्या बाबतीत वेगळ्या वहीत क्रमांक टाकून, आणि डिजिटल फोटोंसाठी फाइलच्या नावातच. नवे लग्न असेल तर हे काम पहिल्या दिवाळीला, सासर-माहेरची माणसे एकत्र आलेली असताना, एका दुपारी उरकते.